‘देवाला ऐकणं’ आणि ‘देवाचं ऐकणं’

प्रश्न असा आहे: खानापूर भागातल्या एका प्रार्थनासभेत कन्नड उपदेशक ‘विधेयते’ (देवाने सांगितलेलं मानून वागणं) या विषयावर बोलले. पत्रकासाठी त्याचं मराठी करताना ‘विधेयता’ ठेवावं, ‘आज्ञापालन’ म्हणावं की ‘आज्ञाधारकपणा’? आणि ‘विधेयतेमुळे देवाचं सामर्थ्य मिळतं’ हे वाक्य चालेल का?

‘विधेयता’ नको. शब्द संस्कृतच आहे आणि कन्नड बायबलमध्ये तो पक्का रुळलेला आहे. पण मराठी शाळेत शिकलेल्याला ‘विधेय’ म्हटलं की वाक्यपृथक्करण आठवतं: उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं. उरलेल्या दोघांत फरक सरळ आहे. आज्ञाधारकपणा हा स्वभाव, आज्ञापालन ही कृती. म्हणून पोर आज्ञाधारक असतं, पण आज्ञापालन त्याला करावं लागतं. (‘आज्ञापालन पाळा’ असंही छापलेलं दिसतं. पालन एकदा झालं की पुन्हा पाळायला काही उरत नाही.)

सभेत बोलायचं असेल तर मात्र या दोन्हींपेक्षा घरातलं क्रियापद जास्त नेमकं आहे: ऐकणं. हिब्रूत ‘शमा’ या एकाच धातूला कानाने ऐकणं आणि सांगितलेलं मानणं असे दोन्ही अर्थ आहेत. नव्या करारातल्या ग्रीक ‘हुपाकोए’ या शब्दाच्या पोटातही ऐकण्याचाच धातू आहे. कन्नडमध्ये ‘मातु केळु’ म्हणजे सांगितलेलं ऐक, तेच. मराठीने हा फरक विभक्तीवर सोपवला आहे. ‘आईला ऐकलं’ म्हणजे तिचा आवाज कानावर आला. ‘आईचं ऐकलं’ म्हणजे ती म्हणाली तसं केलं. येशूने वादळ शांत केल्यावर त्याचे शिष्य म्हणतात की वारा आणि समुद्रही ‘ह्याचे ऐकतात’. तिथे मूळ ग्रीक क्रियापद ‘हुपाकोए’च्याच घरातलं आहे. ‘ह्याला ऐकतात’ केलं असतं तर चमत्कारच निघून गेला असता.

सीमाभागात याच जागी पाय घसरतो. ‘देवरिगे विधेयरागिरि’चं शब्दशः ‘देवाला आज्ञाधारक व्हा’ होतं आणि कन्नडची चतुर्थी मराठीत तशीच उतरते. ‘देवाचं ऐका’ किंवा ‘देवाच्या आज्ञेत राहा’ म्हणावं.

आता ‘मुळे’. माझ्या मते पत्रकातली खरी अडचण हीच आहे. ‘मुळे’ आलं की आज्ञापालन ही किंमत होते आणि सामर्थ्य हा माल. बायबलमधलं लूक 17:14 पाहा. दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून हाक मारतात. येशू त्यांना हात लावत नाही, बरे झालात असंही म्हणत नाही. जाऊन याजकांना (म्हणजे पुरोहितांना) दाखवा, एवढंच सांगतो. जुन्या करारातल्या लेवीय 14 प्रमाणे याजकाकडे जायचं ते बरं झाल्यावर, तपासणी होऊन शुद्ध ठरण्यासाठी. हे निघाले तेव्हा अंगावरचे चट्टे तसेच होते. पुढे मराठी बायबल म्हणतं, ‘ते जाता जाता शुद्ध झाले’. ‘जाता जाता’ या द्विरुक्तीत चालणं आणि बरं होणं एकाच वेळी घडतं. ‘जाण्यामुळे’ म्हटलं असतं तर चालणं हाच उपचार ठरला असता.

प्रेषितांची कृत्ये 5:32 मध्ये देवाने आज्ञा पाळणाऱ्यांना पवित्र आत्मा दिल्याचं आहे, ते मग कसं, असं कुणी विचारील. तिथेही ‘पाळणाऱ्यांना’ आहे, ‘पाळल्याबद्दल’ नाही. कुणाला दिला ते सांगितलं आहे, कशाच्या मोबदल्यात ते नाही.

षष्ठीचा एक घोटाळाही टाळावा. ‘ख्रिस्ताचे आज्ञापालन’ म्हणजे ख्रिस्ताने केलेलं की आपण ख्रिस्ताचं केलेलं? फिलिप्पै 2:8 मध्ये पहिलं आहे, वधस्तंभावरच्या मरणापर्यंतचं. दुसरं म्हणायचं असेल तर ‘ख्रिस्ताच्या आज्ञा पाळणे’ असं मोकळं लिहावं. रोम 1:5 मधल्या ‘विश्वासाचे आज्ञापालन’ला मात्र हात लावू नये: विश्वासातून येणारं की विश्वास हेच आज्ञापालन, ही गाठ ग्रीकमध्येही तशीच आहे.

पत्रकाचा मथळा ‘आज्ञापालन’ ठेवा, आणि खाली वाक्य असं घ्या: ‘देवाचं ऐकता ऐकता त्याच्या सामर्थ्याचा अनुभव येतो.’ ‘मिळतं’ऐवजी ‘अनुभव येतो’ हे मुद्दाम केलं आहे. सामर्थ्य देवाचंच राहतं, आपल्या खिशात येत नाही.