दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही : रूट कॅनालविषयी तुमचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेले बहुतेक प्रश्न रूट कॅनालचेच आहेत आणि त्यातले निम्मे तरी एकसारखे आहेत, म्हणून एकदाच सगळी उत्तरं देतोय. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या आतली खराब झालेली नस काढून, आतली पोकळी साफ करून ती भरून टाकणं. फोटो बघून दाढेचं निदान होत नाही, त्यामुळे ज्यांनी मोबाईलवर दाढेचे फोटो पाठवलेत त्यांनी कृपया जवळच्या डेंटिस्टकडे जाऊन एक्सरे काढून घ्यावा.

रूट कॅनाल करताना खूप दुखतं का हो? खूप भीती वाटते. (वाचक, चिपळूण)

भूल नीट दिली की दुखत नाही.

एका डॉक्टरांनी एका दिवसात करून देतो म्हटलं, दुसरे म्हणतात तीनदा यावं लागेल. खरं कोण? (वाचक, नाशिक)

दोघंही खरे असू शकतात. समोरच्या दाताला बहुतेक वेळा एकच कॅनाल (मुळातली बारीक नळी) असतो, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बऱ्याचदा चार असतात आणि चौथा सापडायलाच वेळ जातो. आत पू असेल, सूज असेल तर साफ करून औषध भरून काही दिवस थांबावं लागतं. किती वेळा बोलावलं यापेक्षा एक्सरे काढला का, दाताभोवती रबर डॅम म्हणजे ते रबराचं पातळ शीट लावलं का हे बघा. त्याने थुंकी आत जात नाही आणि बारीक सुया, औषधं घशात जात नाहीत.

मिस्टरांची खालची दाढ आठ दिवस जाम ठणकत होती, रात्र रात्र झोप नाही. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या आणि आता अजिबात दुखत नाही, थंड पण लागत नाही. आता रूट कॅनाल करायची गरज आहे का? (वाचक, सोलापूर)

ताई, गरज असण्याची शक्यता फार मोठी आहे आणि याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण माझ्याकडे गाल सुजून येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट हेच सांगतो की मधे दुखत होतं पण थांबलं म्हणून आलो नाही.

दाताच्या आत मधोमध एक मऊ भाग असतो, त्याला पल्प म्हणतात, लोक नस म्हणतात, पण त्यात नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही असतात. कीड वरच्या कडक थरातून आत उतरायला लागली की आधी गोड आणि थंड लागतं, पण थंड पाणी गिळल्यावर कळ लगेच जाते. या टप्प्यावर आलात तर बऱ्याचदा नुसत्या फिलिंगवर काम भागतं. मग पुढे थंड प्यायल्यावर कळ मिनिट मिनिट राहते, गरम चहाने ठणका लागतो, रात्री आडवं झालं की वाढतो, झोपेतून उठवतो. म्हणजे आतला पल्प सुजलाय, आणि सुजायला जागाच नाही कारण चारी बाजूंनी कडक भिंत आहे, म्हणून तो ठणका इतका जीवघेणा असतो. त्यानंतर एक दिवस पल्प मरतो. मेलेल्या नसेला थंड कळत नाही, गरम कळत नाही, आणि माणसाला वाटतं गोळ्या लागू पडल्या. मिस्टरांचं आत्ता असंच झालेलं असू शकतं, एक्सरे आणि तपासणीनंतर नक्की कळेल.

आता गोळ्यांचं. गोळी रक्तातून पोचते. मेलेल्या पल्पमध्ये रक्तच जात नाही, मग अँटिबायोटिक तिथे पोचणार कसं? आजूबाजूची सूज थोडी दबते, पण दाताच्या आतले जंतू जिथल्या तिथे राहतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, हाड विरघळत जातं, आणि हे सगळं महिनोन् महिने न दुखता चालू असतं. अँटिबायोटिक लागतं ते सूज पसरत असेल, ताप असेल तेव्हा, आणि तेही डॉक्टरांनी तपासून दिलेलं, आतली सफाई तरीही करावीच लागते. नुसत्या ठणक्यासाठी मेडिकलच्या काउंटरवरून पट्टी आणून तीन गोळ्या खाऊन बाकीच्या डब्यात ठेवून द्यायच्या, पुढच्या वेळी शेजारणीला द्यायच्या, हे मी रोज ऐकतो आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण असंच करत राहिलो तर उद्या गरज पडेल तेव्हा तेच औषध चालणार नाही. पेनकिलरही अशी मनाने घेत राहू नका, किडनीचा, बीपीचा, अॅसिडिटीचा त्रास असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने आठ आठ दिवस अजिबात घेऊ नये.

गाल सुजला तर बाहेरून शेकू नका. गोळी, कापूर, तंबाखू किंवा मिश्री दाढेत दाबून धरू नका, हिरडी भाजते. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, सूज जबड्याखाली मानेकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. दाढेच्या इन्फेक्शनने जीवावर बेतू शकतं.

वरच्या दाढेला हात लावला की डोळा अधू होतो असं सासूबाई म्हणतात. आणि रूट कॅनाल केलेल्या दातामुळे कॅन्सर होतो असा मेसेज पण आलाय. (वाचक, परभणी)

डोळ्याला काही होत नाही. चेहऱ्याची संवेदना नेणारी मोठी नस आहे तिला तीन फाटे, डोळ्याच्या भागाचा वेगळा, वरच्या दातांचा वेगळा, खालच्यांचा वेगळा. दृष्टीची नस तर आणखीनच निराळी. उलट वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर डोळ्याखाली सूज येऊ शकते, आणि मग लोक म्हणतात बघा दाढ काढली म्हणून झालं.

त्या मेसेजचं मूळ जुनं आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत वेस्टन प्राइस या डेंटिस्टने रूट कॅनाल केलेले दात काढून ते सशांच्या कातडीखाली ठेवून प्रयोग केले आणि शरीरातले नाना रोग दातातून होतात असा निष्कर्ष काढला, त्या काळात लोकांचे ढिगाने दात काढले गेले. पुढे नीट केलेल्या अभ्यासांत ते टिकलं नाही. फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय. आणि हो, बाजारात बसून दाढेतून कीड म्हणून अळी काढून दाखवणारे असतात त्यांच्याकडेही जाऊ नका, दातात अळी नसते, ती ते आधीच हातात घेऊन बसलेले असतात.

कॅप घालायलाच हवी का? की नुसती कमाई? वीस वर्षं वॉरंटीची महाग कॅप घ्या म्हणतायत. (वाचक, ठाणे)

दाढ असेल तर बहुतेक वेळा हवीच. किडीने आणि आत जाण्यासाठी पाडलेल्या भोकाने दाढ पोखरलेली असते, चकली, सुपारी, नळीचं हाड असं काही आलं की फुटते, आणि तडा मुळापर्यंत उभा गेला तर दाढ काढावीच लागते, म्हणजे रूट कॅनालचे पैसेही वाया. ठणका गेला की लोक टेंपररी सिमेंटवर सहा सहा महिने काढतात, तसं करू नका. समोरचा दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर कधी कधी नुसतं फिलिंग पुरतं.

वॉरंटीचं म्हणाल तर कार्ड कॅपच्या मटेरियलचं असतं, तुमच्या दाताचं नसतं. कॅपच्या कडेला खाली कीड लागली तर ते कार्ड काय करणार? मेटल सिरॅमिकची कॅपही नीट बसवली तर दाढेवर वर्षानुवर्षं चालते. पेनलेस लेझर रूट कॅनाल, आजच बुक करा तर निम्म्या किमतीत, असल्या जाहिराती बघून डॉक्टर ठरवू नका. खर्च झेपत नसेल तर मुंबईला नायर किंवा सरकारी डेंटल कॉलेज आहे, नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी डेंटल कॉलेज आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे वेळ जास्त लागतो पण खर्च बराच कमी होतो.

मुलगी आठ वर्षांची, मागची दाढ किडलीय. दुधाचीच आहे ना, पडेल म्हणून सोडली तर चालेल? (वाचक, कराड)

आधी ती दुधाचीच आहे का ते बघा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक मोठी दाढ येते, कुठलाही दात न पडता येते म्हणून आईबापांना कळतच नाही, आणि ती कायमची असते. ती गेली की परत येत नाही. या वयात तिची मुळंही पूर्ण बनलेली नसतात, त्यामुळे ट्रीटमेंट वेगळी असते, लहान मुलांच्या डेंटिस्टकडे न्या.

आणि दुधाची असली तरी दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. तोपर्यंत पोरगी एकाच बाजूने खाणार का?

पाचवा महिना चालू आहे, दाढ दुखतेय. (वाचक, पुणे)

मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे, आत्ताच जा. प्रेग्नंट आहे हे आधी सांगा, गायनॅक डॉक्टरांनाही विचारा. लेड एप्रन घालून एक छोटा एक्सरे चालतो.

वडिलांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, शुगरही आहे. गोळ्या चार दिवस बंद ठेवू का? (वाचक, इंदूर)

नाही. स्वतः अजिबात बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक डोससुद्धा नाही. रूट कॅनालसाठी सहसा बंद कराव्या लागत नाहीत. शुगरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि सकाळी नाश्ता करून, नेहमीचं औषध घेऊन जा.

सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं, आता तीच दाढ चावताना दुखते. नसच काढली तर दुखतंय कसं? (वाचक, कोल्हापूर)

नस दाताच्या आतली काढली, मुळाभोवतीचं हाड आणि पडदा जिवंतच आहे, दुखतंय तिथे. एखादा कॅनाल राहून गेला असेल, कॅपखालून कीड शिरली असेल, नाहीतर दाढेला तडा गेला असेल. पहिल्या दोन्हींत बऱ्याचदा परत रूट कॅनाल करून दाढ वाचते, तडा असेल तर अवघड. एंडोडॉन्टिस्टला म्हणजे रूट कॅनालच्या स्पेशालिस्टला दाखवा आणि जुना एक्सरे सापडला तर तो घेऊन जा, नव्याशी जुळवून बघता येतो. तोवर त्या बाजूने कडक काही खाऊ नका, आणि मधेच दुखायचं थांबलं तरी अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका.