पडद्यावर फिरलेलं मॉडेल करारात आणा

प्रश्न : आमची मुलुंडची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. सर्वसाधारण सभेत विकासकाने इमारतीचं त्रिमितीय मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवलं. ‘आम्ही बिम वापरतो, विजेचं बिलही कमी येईल,’ असं सांगितलं. या मॉडेलला कायद्यात काही किंमत आहे का? करारात काय लिहून घ्यावं?
— एक सचिव, मुलुंड

उत्तर : ताई, आधी तुम्ही पाहिलंत ते खरंच बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे प्रत्येक भागाची माहिती आत साठवलेलं इमारतीचं मॉडेल) होतं का, ते तपासा. पडद्यावरच्या कुठल्याही भिंतीवर बोट ठेवा आणि विचारा : ही कशाची, किती जाडीची, हिच्यातून उष्णता किती आत येणार? उत्तर त्या फाइलमधूनच निघालं तर ते बिम. ‘नंतर कळवतो’ म्हणाले, तर ते फ्लॅट विकण्यासाठी केलेलं चित्र आहे.

कायद्याचं म्हणाल, तर मुंबईत महापालिका मंजूर करते ते नकाशे. सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (राहायला जाण्याचा दाखला) त्यांच्याच आधारावर मिळतात. मॉडेलमध्ये बाल्कनी आहे आणि मंजूर नकाशात नाही, तर ती बाल्कनी नाही. रेराच्या कलम 14 मध्ये मंजूर आराखड्याप्रमाणेच बांधण्याचं बंधन आहे, पण पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांना रेराचा आधार मिळतो का, यावर वाद होतात. तुमचा भक्कम आधार म्हणजे विकास करारनामा. मॉडेल त्याला परिशिष्ट म्हणून जोडलं, तरच त्याला वजन येतं.

जोडायचं कसं? सही होईल त्या दिवशीच फाइलची प्रत ताब्यात घ्या आणि तिचं हॅश मूल्य परिशिष्टात छापून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. हॅश म्हणजे फाइलचा अंकी ठसा. आत एक खिडकी सरकवली तरी तो बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यातही हॅश नमूद करावा लागतो. उद्या लवादापुढे जायची वेळ आली, तर ही तयारी उपयोगी पडेल.

फाइल आयएफसी या खुल्या स्वरूपातही मागा. नाहीतर ती उघडण्यासाठी सोसायटीला दरवर्षी महागडं सॉफ्टवेअर भाड्याने घ्यावं लागेल. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आराखड्यावरचा हक्क सहसा वास्तुविशारदाकडे राहतो. म्हणून देखभाल आणि दुरुस्तीसाठी मॉडेल वापरायची कायमची परवानगी लेखी घ्या.

यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते ओसीच्या वेळचं मॉडेल, म्हणजे प्रत्यक्ष जसं बांधलं तसं. मी पाहिलेल्या एका इमारतीत ड्रेनेजचा पाइप नेमका बीममध्ये, म्हणजे काँक्रीटच्या तुळईत येत होता. साइटवर कोअर कटिंग करून, म्हणजे यंत्राने भोक पाडून, तो बीममधूनच काढला आणि कुठल्याही कागदावर त्याची नोंद झाली नाही. बिममध्ये अशी टक्कर काम सुरू होण्याआधीच लाल रंगात दिसते. पुढे गळती झाली, की शाफ्ट कुठे फोडायचा हेही त्यावरूनच कळतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली आगीत 72 माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनने 2022 च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींची अशी माहिती डिजिटल स्वरूपात, अद्ययावत ठेवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ती सक्ती होण्याची वाट पाहत बसू नका.

आता विजेचं बिल. ‘बिल कमी येईल’ हे वाक्य करारात घेऊ नका. एसी किती तास चालवायचा हे घरोघरी वेगळं असतं, त्यामुळे ते सिद्धच होणार नाही. त्याऐवजी मोजता येतील असे आकडे घ्या. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या 2018 च्या इको निवास संहितेत ते आहेत. भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेचं मोजमाप, म्हणजे आरईटीव्ही, दर चौरस मीटरला 15 वॅटपेक्षा जास्त नको. छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा, 1.2 पेक्षा जास्त नको. आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के हवं. म्हणजे 600 चौरस फुटांच्या घराला सुमारे 100 चौरस फूट. इथे नीट लक्ष द्या : दोन पाटांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणून तिचं अर्धंच क्षेत्रफळ धरायचं. सभेत दाखवलेल्या मोठमोठ्या काचा या हिशेबात पुष्कळदा अपुऱ्या पडतात, आणि पश्चिमेला असल्या तर दुपारी घर तापवतात.

2022 च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्यात निवासी इमारतींनाही संहिता लावायची वाट मोकळी झाली आहे, पण अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. करारात मात्र हे आकडे आजच घालता येतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मॉडेल खरं असेल तर हा हिशेब त्यातूनच काढता येतो. पश्चिमेच्या काचेवर छज्जा वाढवला तर आरईटीव्ही किती उतरतो, हे एकही वीट रचण्याआधी तुमच्या समितीला पाहता येईल.

तुमच्या पीएमसीने (सोसायटीच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने) बिमवर काम केलं आहे का, हे मात्र मसुदा वकिलांकडे जाण्याआधी विचारा. केलं नसेल, तर मॉडेल तपासायला वेगळा तज्ज्ञ नेमा आणि त्याची फी विकासकाने सोसायटीमार्फत द्यावी, असं कलम घाला. म्हणजे तो तज्ज्ञ तुम्हाला बांधील राहील.