अंगणातल्या गाडीला कव्हर घालावे का?

प्रश्न : आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर आहे. गडद लाल रंगाची गाडी अंगणात हापूसच्या कलमाखाली उभी असते. मुलगा मुंबईहून गणपतीला आणि मे महिन्यात आला की ती फिरते. एरवी मी आठ-दहा दिवसांतून एकदा बाजारापर्यंत नेतो. दुकानदार म्हणतो, पूर्ण वॉटरप्रूफ कव्हर घ्या, पावसाळ्याची चिंता मिटेल. शेजारी म्हणतात, कव्हरानेच गाडी गंजते. पाऊस तोंडावर आला आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : पावसाळ्यापुरते शेजाऱ्यांचे ऐकावे. जून ते सप्टेंबर गाडीवर कव्हर घालू नये, आणि वॉटरप्रूफ कव्हर तर मुळीच नको.

गाडीच्या रंगाला पावसाचे भय नसते. रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात, तो पाणी सोसण्यासाठीच दिलेला असतो. भय असते ते पाणी अडकून राहण्याचे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत अंगणातली माती कधी वाळतच नाही. ज्या कव्हरातून वरचे पाणी आत येत नाही, त्यातून खालच्या ओल्या जमिनीची वाफही बाहेर जात नाही. दुपारी थोडे ऊन पडले की ती वाफ आत कोंडते आणि रात्री गारवा आला की तिचेच थेंब होऊन पत्र्यावर बसतात. त्यात समुद्र जवळ असल्यामुळे गाडीवर खारट हवेचा पातळ थर आधीच असतो. मीठ ओल धरून ठेवते आणि गंज वेगाने पसरवते. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि जिथे रंगाचा टवका उडाला आहे अशा जागा प्रथम गंज धरतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये महिनाभर बाहेरगावी जाताना मी गाडीवर जाड कव्हर घालून ते खालून घट्ट बांधले होते. परत येऊन उचलले तेव्हा आतल्या बाजूला घाम फुटावा तसे थेंब लागलेले होते. दार उघडताच न वाळलेल्या गोधडीचा वास आला; स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टवर पांढरट बुरशी चढली होती, आणि हँडब्रेक सोडला तरी मागची चाके हलेनात, कारण ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसले होते. कव्हरावर आणखी निळी ताडपत्री टाकणारेही मी पाहिले आहेत. त्याचा परिणाम याहून वाईट होतो.

पाऊस सरल्यावर मात्र हिशेब बदलतो. ऑक्टोबर ते मे या काळात कव्हराचा खरा उपयोग आहे. गडद लाल रंग उन्हाने लवकर विटतो आणि डॅशबोर्डही फिका पडतो. पक्ष्यांची विष्ठा उन्हात तापली की क्लिअर कोटमध्ये उतरते आणि तिचा डाग पॉलिशनेही पूर्ण जात नाही. आपल्या बाबतीत कलमाचाही विचार केला पाहिजे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे मधासारखा चिकट स्राव टाकतात व त्यावर काळी बुरशी धरते. पुढे फळे आली की देठाचा चीक गळतो, जो काढणी करणाऱ्यांच्या हाताची कातडीही भाजतो. म्हणून कव्हर घेण्याआधी गाडी कलमाखालून हलवावी, हे मी अधिक आग्रहाने सांगेन. ती माडाखाली मात्र उभी करू नये, कारण पडणाऱ्या नारळापुढे कोणतेही कव्हर टिकत नाही. ऐपत असेल तर चारही बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड घालावी. तिच्याखाली ऊन-पाऊस दोन्ही अडतात आणि वारा खेळता राहतो. शेड झाली तर कव्हराची गरज बरीचशी संपते.

कव्हर घ्यायचेच तर कापड तोंडाशी धरून फुंकून पाहावे. श्वास पलीकडे थोडासुद्धा जात नसेल तर ते घेऊ नये. आतली बाजू मऊ असावी, माप आपल्या मॉडेलचे असावे आणि गाडीच्या पोटाखालून बांधायचा पट्टा असावा. सैल कव्हर वाऱ्यावर फडफडते, आणि खाली जांभ्याची तांबडी धूळ असेल तर ते रंगावर पॉलिश पेपरसारखे घासत राहते. त्यामुळे धुवून पूर्ण वाळवलेल्या आणि इंजिन थंड झालेल्या गाडीवरच कव्हर घालावे. बाजारातून आल्यावर प्रत्येक वेळी हे करणे वयोमानाने जमणार नसेल, तर धुळीवर कव्हर ओढण्यापेक्षा गाडी उघडी ठेवलेली बरी. रोज गाडी काढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही मी याच कारणाने कव्हराचा आग्रह करत नाही. कव्हराखालचा शांत अंधार उंदरांनाही आवडतो आणि ते वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्याला बॉनेट उघडून पाहावे.

या पावसाळ्यासाठी एवढे करावे : पाऊस सुरू होण्याआधी गाडीच्या तळाला गंजरोधक कोटिंग करून घ्यावे. उभी करताना हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना लाकडी ओंडके लावावेत. पुढच्या काचेच्या तळाशी साचणारा पाचोळा काढत जावा, नाहीतर पाण्याची वाट बुजते. आठवड्यातून एकदा नुसते इंजिन चालू न करता वीस-तीस मिनिटे गाडी फिरवून आणावी, म्हणजे बॅटरी चार्ज होते आणि ब्रेकही मोकळे राहतात. मग ऑक्टोबरचे ऊन पडले की दोन-तीन दिवस दुपारी चारही दारे उघडून, पायाखालची मॅटिंग बाहेर काढून गाडी आतून कडक वाळवावी आणि त्यानंतरच नव्या कव्हराची घडी उलगडावी.