वाचकांचे प्रश्न : कार्टून वाहिन्यांचे काय झाले?

प्रश्न : आमच्या लहानपणी शाळेतून आल्याबरोबर कार्टूनची वाहिनी लावली जाई. आता यांतल्या काही वाहिन्या अनेक देशांत बंद झाल्याचे वाचले. मुले तर आजही कार्टून आवडीने पाहतात; मग वाहिन्यांवरच ही पाळी का आली? आणि हवे ते हवे तेव्हा पाहायला मिळत असेल, तर त्यात मुलांचे नुकसान ते काय?

उत्तर : मुलांचे कार्टूनवेड ओसरलेले नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे; आटला आहे तो वाहिन्यांकडे येणारा पैसा. अमेरिकेत १९७९ मध्ये निकेलोडिअन, १९८३ मध्ये डिस्ने चॅनल आणि १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाले. अशा वाहिन्यांना पुढे दोन बाजूंनी पैसा मिळत गेला : जाहिराती आणि केबल कंपन्या प्रत्येक जोडणीमागे दरमहा देत ती रक्कम. (डिस्ने चॅनलची भिस्त मुख्यतः दुसऱ्या उत्पन्नावर होती.) ज्या घरात मूलच नाही, त्या घराच्या केबलच्या बिलातूनही या वाहिन्यांना वाटा मिळे. लोक केबल सोडू लागले तसा हा वाटा घटत गेला, आणि मुले यूट्यूबकडे वळल्यावर जाहिरातदारही त्यांच्यामागे गेले.

त्यातच वाहिन्यांच्या मालकांनी आपला उत्तम माल स्वतःच्याच स्ट्रीमिंग सेवांकडे वळवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२० रोजी ब्रिटनमधील डिस्नेच्या तिन्ही वाहिन्या बंद झाल्या. तिथली सीआयटीव्ही ही वाहिनीही सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. अमेरिकेत कार्टून नेटवर्क अजून चालू आहे, परंतु रात्री उशिराच्या वेळेसाठी २००१ मध्ये सुरू झालेला त्यांचा प्रौढांचा कार्यक्रमसमूह, अॅडल्ट स्विम, २०२३ पासून संध्याकाळी पाचलाच लागू लागला. शाळेतून परतलेल्या मुलाची हक्काची वेळ मोठ्यांना देऊन टाकण्यात आली, याचे मला फार वाईट वाटते.

आता नुकसानीविषयी. मालिका पहिल्या भागापासून क्रमाने पाहता येते, चुकलेला भाग पुन्हा मिळतो, हा फायदा मोठाच आहे. पण वाहिनीवर कोणता कार्यक्रम कशानंतर लावायचा, हे ठरवणारी माणसे असत. अर्ध्या तासात साधारण अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी आणि उरलेल्या वेळात जाहिराती, अशी पुष्कळ कार्टूनांची बांधणी असे, आणि नवा, विचित्र वाटणारा कार्यक्रम मुद्दाम लोकप्रिय कार्यक्रमाला लागून ठेवला जाई. निकेलोडिअनने १९९९ मध्ये ‘स्पंजबॉब’ पहिल्यांदा दाखवला तो आपल्या किड्स चॉइस अवॉर्ड्सच्या सोहळ्यानंतर लगेच, म्हणजे मुले आधीच पडद्यासमोर बसलेली असताना. ज्याचे नावही मुलाने ऐकलेले नाही, असे काही त्याच्यासमोर आपसूक येण्याची ही वाट होती. स्ट्रीमिंगमध्ये मूल ओळखीच्या चित्रावर बोट ठेवते आणि यंत्र त्याला त्याच जातीचे आणखी दाखवत राहते; त्यामुळे नव्या कल्पनेवर पैसा लावण्यापेक्षा जुन्याच पात्रांची नवी आवृत्ती काढणे निर्मात्यांना सुरक्षित वाटते.

शिवाय तिथला साठा कायमचा असतो असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने खर्च कमी करताना ‘इन्फिनिटी ट्रेन’सारख्या वाखाणल्या गेलेल्या मालिका आपल्या सेवेवरून काढून टाकल्या. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून त्या घडवल्या, त्या चित्रकार-लेखकांवर हा उघड अन्याय होता.

सगळीकडे हीच स्थिती आहे असे मात्र समजू नये. बीबीसीची सीबीबीज ही अगदी लहान मुलांची वाहिनी २००२ पासून जाहिरातींशिवाय चालू आहे, कारण ब्रिटनमध्ये तिचा खर्च प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कातून भागतो. जाहिरातदार पाठ फिरवोत वा केबलच्या जोडण्या घटोत, तिच्या मिळकतीला त्याची थेट झळ बसत नाही. आणि चिमुकल्यांच्या वाहिनीसाठी मला तरी हीच व्यवस्था सर्वांत भरवशाची वाटते.