सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, आणि कम्पायलरलाही ते सांगा

जावाच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये मराठी स्ट्रिंग थेट देवनागरीत लिहाव्यात, की फाइल निव्वळ अ‍ॅस्कीत (फक्त रोमन अक्षरं, अंक आणि चिन्हं असलेला जुना संच) ठेवून प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक द्यावा, असं तुम्ही विचारलंय. थेट देवनागरीत लिहा. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग), तीही बीओएम (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) न लावता. क्रमांकांची ओळ कुणाला वाचता येत नाही. 'दिनांक'चा अनुस्वार गळाला तर रिव्ह्यूमध्ये कुणाच्या लक्षात येणार?

मात्र फाइल नीट सेव्ह केली की काम संपलं, असं नाही. आमचा पावत्या छापणारा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालायचा. सर्व्हरवर बिल्ड केला, तर 'पावती'च्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. दोन दिवस मी फॉन्ट आणि प्रिंटर तपासत बसलो. शेवटी चिन्हं मोजली, तर १५ भरली! प, काना, व, त, दीर्घ वेलांटी असे पाच संकेत (युनिकोड क्रमांक), आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट. फाइल शाबूत होती. सर्व्हरवर लोकेल (मशीनची भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) सेट नसल्यामुळे कम्पायलर ती अ‍ॅस्की समजून एकेक बाइट वेगळा वाचत होता. बिल्डच्या लॉगमध्ये तशा वॉर्निंग होत्या, आम्ही त्या पाहिल्याच नव्हत्या.

जावा १८ पासून (२०२२) डीफॉल्टच यूटीएफ-८ आहे. तुमची आवृत्ती जुनी असेल तर मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये सोर्स एन्कोडिंग स्पष्ट लिहा, प्रत्येकाच्या मशीनवर सोडू नका. भाषांतराच्या प्रॉपर्टीज फाइली रिसोर्स बंडल या जावाच्या सोयीतून वाचत असाल, तर तिथे यूटीएफ-८ जावा ९ पासूनच चालतं, हेही बघा. बीओएम नको म्हणतो कारण जावाचा कम्पायलर पहिल्याच ओळीवर एरर देतो.

यूटीएफ-१६ मध्ये देवनागरीला दोनच बाइट लागतात हे खरं, पण कोडमधला बहुतेक मजकूर रोमन असतो आणि तो दुप्पट फुगतो. शिवाय गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) अशा फाइलला मजकूर न समजता बायनरी समजतं, डिफ (काय बदललं ते) दिसत नाही.

व्हेरिएबलची नावं मात्र रोमनमध्येच बरी. 'किंमत' हे नाव जावा आणि पायथन ३ घेतात, गो घेत नाही; वेलांटी आणि अनुस्वार त्याच्या नियमात अक्षरं नाहीत.

आणि जुन्या फाइलींत कृतीदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर असेल, तर नुसतं एन्कोडिंग बदलून तो मराठी होणार नाही. आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, मगच कमिट करा.