नेटमध्ये सगळं जमतं, मग मॅचला हात का लटपटतात?

तुझा प्रश्न असा की गोल्फ क्लब मैदानावर नेटमध्ये मस्त खेळतोस पण मॅचला बॅट धरली की हात लटपटतात, मोठे खेळाडू हे प्रेशर कसं घेतात. अकरावीत आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय. गंमत बघ, नाशिकात गोल्फ क्लब म्हटलं की लोकांना क्रिकेट आणि जॉगिंग ट्रॅक आठवतो, गोल्फ कुणालाच नाही, आणि उत्तर द्यायला नेमका मी गोल्फवाला सापडलो.

मी प्रो वगैरे नाही. वडील देवळालीला आर्टिलरीत होते, लहानपणी साहेब लोकांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकलो, पुढे एका क्लबची चॅम्पियनशिप एकदा जिंकलो. पण त्याच्या आदल्या वर्षी तीच हातात आलेली घालवली, ते ऐक.

डिसेंबरची सकाळ, बोटं वाकत नव्हती अशी थंडी. शेवटचा होल, मी एका शॉटने पुढे (गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे), तीन फुटांचा पट राहिलेला. पट म्हणजे बॉल जमिनीवरून हळूच होलमध्ये ढकलायचा तो फटका, आणि तीन फूट म्हणजे मी झोपेतही घालतो. एरवी एकदा लाइन बघायची आणि मारायचं, त्या दिवशी म्हटलं जरा नीट करू, मग चारदा लाइन बघितली, दोनदा खाली बसलो, मनगट असं ठेवू का तसं ठेवू, आणि तोवर ग्रिप इतकी आवळली गेली की काही विचारू नको. बॉल होलची कड चाटून बाहेर. बरोबरी झाली, प्लेऑफ म्हणजे बरोबरी फोडायला जादा होल खेळणं झालं, पण प्लेऑफमध्ये मी होतोच कुठे, मी अजून त्या पटापाशीच उभा.

चूक काय झाली तर जे आपोआप होतं ते विचार करून करायला गेलो. जिना उतरताना एकेका पावलाकडे लक्ष देऊन बघ, अडखळशील. सायन बायलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी पटिंगवरच प्रयोग केलेत. मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं तर त्यांचं बिघडलं, नवख्यांचं उलट सुधारलं. म्हणजे कोपर वर ठेव हे नेटमध्ये ठीक, मॅचमध्ये बॉल बघायचा, बस.

गोल्फमध्ये तर अजून वाईट, चार तासांत पंचाहत्तरेक फटके, एकेकाला दोन सेकंद धर, बाकी सगळं चालणं, आणि चालताना डोकं आपल्याला खातं. म्हणून मी नंतर नियमच केला की चालताना कॅडीशी, म्हणजे बॅग उचलणाऱ्या साथीदाराशी, फक्त मिसळ कुठे खायची यावर बोलायचं, आणि खराब शॉटचा राग हातातली गोल्फची काठी बॅगेत परत जाईपर्यंतच. तुलाही दोन बॉलच्या मध्ये हेच करता येईल, स्क्वेअर लेगकडे चार पावलं जा, श्वास सोड, परत ये, प्रत्येक वेळी अगदी तेच.

आणि मोठ्यांचे हात लटपटत नाहीत हे डोक्यातून काढ. गोल्फर रोरी मॅकिलरॉय 2011 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार शॉटनी पुढे होता, त्या दिवशी तब्बल 80 फटके लागले आणि हरला, पण दोन महिन्यांत यूएस ओपन ही दुसरी मोठी स्पर्धा आठ शॉटनी जिंकला. 2024 च्या यूएस ओपनला शेवटच्या काही होल्सवर दोन छोटे पट चुकला, एका शॉटने गेली. 2025 ला मास्टर्समध्ये पुन्हा तेच, अठराव्यावर छोटा पट चुकला आणि प्लेऑफ. तेव्हा त्याचा कॅडी हॅरी डायमंड त्याला म्हणाला की स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी सकाळी कुणी हा प्लेऑफ देऊ केला असता तर आपण घेतलाच असता ना. आणि पुढच्याच होलवर बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, करून रोरी जिंकला. मी स्वतः बॅगा उचललेला माणूस, मला विचारशील तर त्या स्पर्धेतला सगळ्यात भारी शॉट कॅडीचा होता.

राहिली प्रॅक्टिस. पुढच्या वर्षी मी दहा पट सलग गेल्याशिवाय घरी जायचं नाही असं ठरवलं, एक चुकला की परत एकपासून. नवव्याला छाती धडधडायची, तेच तर हवं होतं. तू नेटमध्ये शेवटची ओव्हर पैज लावून खेळ, आउट झाला तो मिसळ देणार. मिसळीने काय प्रेशर येणार असं वाटेल, पण येतं, माझ्या पार्टनरला विचार, तो अजून अकरा मिसळी देणं लागतो.