पोलिसांमुळे माणूस मेला तर आपल्याकडे शहर रस्त्यावर का येत नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: मे २०२० मध्ये मिनियापोलिसला एका पोलिसाने माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवला, तो मेला आणि अख्खा देश रस्त्यावर आला. आपल्याकडे ठाण्यात, मोर्च्यात माणसं मरतात तेव्हा असं का होत नाही? नागपूरसारख्या शहरात कधी झालं का?

अमेरिकेचं अमेरिकेला. मी नागपूरचं सांगतो. इथे एका संध्याकाळी ११४ माणसं गेली. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आमचं दुकान तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

तारीख २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. बाहेरच्यांना अधिवेशन म्हणजे विधानभवन. नागपूरकराला अधिवेशन म्हणजे मोर्चे. यशवंत स्टेडियमकडून निघायचं, पोलीस ठरलेल्या पॉइंटला अडवतात, कोणी टेकडी रोडला, कोणी मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला. तिथे बसायचं, घोषणा द्यायच्या, मंत्री निवेदन घ्यायला येतो किंवा चार जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मग आपापल्या गावची गाडी. शाळेत असल्यापासून हे पाहिलेलं. मोर्च्याची भीती वाटावी असं त्यात काहीच नसायचं. म्हणूनच लोक बायकापोरांसकट येत.

त्या दिवशी गोवारी आले होते, हजारोंनी. विदर्भात गुरं राखणारी ही जमात. दिवाळीतल्या गायगोधनाच्या दिवशी गावोगाव ढाल, म्हणजे सजवलेला उंच बांबू, नाचवतात ते हेच. त्या साली दिवाळी ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे ढाली घरात ठेवून तीन आठवडे झाले नव्हते. मागणी अनुसूचित जमातीच्या दाखल्याची. यादीत नाव आहे 'गोंड-गोवारी'. हे म्हणत ते आम्हीच. सरकार म्हणे, गोवारी वेगळे. भांडण सगळं त्या जोडशब्दाचं.

सकाळपासून टी पॉइंटला बसलेल्या त्या लोकांकडे संध्याकाळ झाली तरी कोणी मंत्री फिरकला नाही. मग लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आले असं वाटून लोक उठले, पुढे सरकले आणि लाठ्या सुरू झाल्या, असं सांगतात. समोर पोलीस, कडेला कठडे, मागून गर्दी. एकही गोळी सुटली नाही. माणसं माणसांखाली गुदमरून मेली. बहुतेक बाया आणि लेकरं.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, घर महाल भागात. रात्री साडेनऊच्या सुमारास दार वाजलं. दारात आमच्या भिवापूरकडच्या गावचा गायकी. आजोबांच्या काळापासून त्याचंच घर आमची गुरं राखायचं. अंगात सदरा होता, डोक्याचं पागोटं नव्हतं. आईने पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसाच उभा. बाबांना म्हणाला, "भाऊ, एकोणतीसच भरून राहिले."

बाबांना आधी काही कळेना. गावातून ट्रकने एकतीस जण आले होते. परत ट्रकपाशी जमले त्यांना हा मोजत होता. मोजायची त्याची पद्धत मला लहानपणापासून ठाऊक होती: संध्याकाळी आखरावर गुरं आली की दोन बोटं पुढे करून जोडीजोडीने मोजायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. तसंच तो आमच्या ओसरीवर करत होता, समोर कोणी नसताना. दोन, चार, सहा. एकोणतिसावर बोट थांबायचं, की पुन्हा पहिल्यापासून.

बाबा त्याला घेऊन आधी मेयो हॉस्पिटलला गेले, मग मेडिकल हॉस्पिटलला. मला नेलं नाही. पहाटे आले तेव्हा बाबांनी अंघोळ केली, चहा न घेता दुकान उघडायला निघून गेले. एक जण दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनवर सापडला, भेदरून तिथे जाऊन बसलेला पोरगा. दुसरी त्या गायक्याची धाकटी बहीण होती. ती मेयोत होती.

आता तुम्ही विचारता ती 'प्रतिक्रिया'. दुसऱ्या दिवशी बर्डीत दुकानादुकानांत हाच विषय होता. लोक हळहळत होते, खोटं का बोलू. पण हळहळीच्या मागोमाग एक वाक्य यायचं: "काहून आणली असतील बाप्पा लेकरं मोर्च्यात?" आमच्या शेजारचा कापडवाला म्हणाला, गिऱ्हाईक म्हणालं, कॉलेजात पोट्टे म्हणाले. मीही म्हणालो असेन. लाठी कोणी चालवायला सांगितली, हे मात्र त्या आठवड्यात मला एकाही नागपूरकराने विचारलेलं आठवत नाही.

याला आपली भाषाही हातभार लावते. 'चेंगराचेंगरी झाली.' कोणी केली? कोणीच नाही, ती आपोआप होते, पाऊस पडावा तशी. 'लाठीमार झाला', 'गोळीबार झाला', 'मृत्यू झाला'. सगळीकडे झाला, झाला, झाला. करणारा वाक्यात नाहीच. त्यात 'सौम्य लाठीमार' नावाचा एक अजब प्रकार मराठी पत्रकारितेने शोधून काढलाय. ज्याच्या पाठीवर पडला त्याने कधी त्याला सौम्य म्हटल्याचं ऐकलंय का? गोवारी लोक आपसात 'हत्याकांड' म्हणतात. शहर आजही 'चेंगराचेंगरी' म्हणतं. दोन्ही शब्द एकाच संध्याकाळचे, पण एकात कर्ता आहे आणि एकात नाही.

सरकारचं म्हणाल तर शरद पवार मुख्यमंत्री होते. राजीनामा आला तो आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांचा, नैतिक जबाबदारी म्हणून. लाठी काही आदिवासी विकास खात्याच्या हातात नव्हती, पण ते कोणाला खटकलं नाही. न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग बसला, त्याने कोणा एकाला दोषी धरलं नाही. पुढच्या वर्षी सरकार बदललं. विशेष मागास प्रवर्गाचं दोन टक्के आरक्षण आलं, त्यात गोवारींना घातलं. बर्डीत उड्डाणपूल झाला त्याला 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल' नाव मिळालं. झिरो माइलजवळ स्मारक झालं. म्हणजे मागणीला थोडंसं, आठवणीला बरंच आणि 'कोणी मारलं' या प्रश्नाला शून्य. माझं मत विचाराल तर शहर गप्प बसलं असं नाही म्हणता येणार. शहराने सोयीचा प्रश्न तेवढा उचलला.

बरं, गर्दीतल्या मरणाची एक अडचणही आहे. ठाण्यात माणूस मेला तर निदान स्टेशन डायरी असते, त्या रात्री ड्युटीवर कोण होतं त्याची नावं असतात, लॉकअपला एकच दार असतं. कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी लागते, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं असतं, मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवायचं असतं. रस्त्यावरच्या गर्दीत यातलं काय धरणार? तिथे आयोग बसतो, आणि १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा आयोग फक्त शिफारस करू शकतो. सरकारने ती मानलीच पाहिजे असं नाही.

आणि दार असलेल्या प्रकरणांचं तरी काय? नागपूरचंच १९९३ सालचं एक आहे. लुटीच्या तपासात उचललेला माणूस पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत मेला. जबाब काढण्यासाठी मारहाण केल्याच्या कलमाखाली नऊ पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षं केली, सप्टेंबर २०१८ मध्ये. पंचवीस वर्षांनी! त्या निकालाच्या दिवशी मी दुकानात येणाऱ्या सात-आठ जणांना मुद्दाम विचारलं. प्रकरण कोणालाच आठवत नव्हतं. एक जण म्हणाला, "लुटारूच होता नं पण?"

हा 'पण' फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे लोक मेलेल्याकडे पाहून ठरवतात, मारणाऱ्याकडे पाहून नाही. मेलेला कोण, कुठल्या वस्तीचा, त्याने काय केलं होतं, हे आधी. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर सकाळी सातपासून टाळ्यांचे हात सुरू होते, एकाने बागेत पेढे वाटले, मीही एक खाल्ला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या नागपूरच्याच हायकोर्टात वकिली केलेले. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल उघड झाला: गोळ्या जीव घ्यायच्या हेतूनेच झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. त्या दिवशी ग्रुपवर 'शुभ सकाळ' आणि गुडघेदुखीवरचा उपाय एवढंच आलं.

याच्या उलटही नागपुरात घडलंय, ते सांगितलं नाही तर शहरावर अन्याय होईल. इंदोऱ्याला दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहिदांचं स्मारक आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात इथे पोलिसांच्या गोळ्या चालल्या होत्या. त्या वस्तीने ती नावं सोडली नाहीत. तिथल्या शाळकरी पोरालाही कोण कुठे पडलं ते सांगता येतं. नामांतर झालं १४ जानेवारी १९९४ ला, गोवारींच्या त्याच वर्षी. फरक एवढाच की तिकडे वस्ती शहरात होती, लिहिणारी-वाचणारी होती, संघटना होती. गोवारी रात्रीच्या ट्रकने पन्नास गावांत पांगले.

जुलै २०२१ मध्ये पारडीत मास्कच्या नाकाबंदीत अडवलेला एक दिव्यांग माणूस पोलिसांच्या ताब्यात मेला, मारहाणीचा आरोप झाला, तेव्हाही वस्ती ठाण्यावर चालून गेली होती. ती माणसं त्याच्या गल्लीतली होती. सुखवस्तू धरमपेठेतून, रामदासपेठेतून कोणी गेलं नव्हतं. मीही नाही.

शहर आलं नाही तरी कधीकधी एकटं माणूस पुरतं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला तेव्हा इथे अधिवेशन चालू होतं. सभागृहात सांगितलं गेलं की मारहाण झाली नाही, श्वासाचा आजार होता. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या होत्या. त्याच्या आईने सरकारी मदत नाकारली आणि कोर्टात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. मोर्चे निघाले होते, त्यांचाही रेटा असेल. पण त्या आईची सही असलेला कागद नसता तर मोर्चे अधिवेशनाबरोबरच उठले असते, असं मला वाटतं.

गोवारींच्या हातात तो कागद कधी टिकलाच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांना आदिवासी ठरवलं. गायक्याच्या नातवाचा फोन आला होता, हसू आवरत नव्हतं त्याचं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांचं तेवढं राखलं. नातू त्यात बसला नाही. म्हातारा २०१६ लाच गेला होता. जिवंत होता तोवर दर २३ नोव्हेंबरला स्मारकावर यायचा, तिथून आमच्याकडे जेवायला. एकदा मी विचारलं, कोणावर राग आहे का? भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाला, "कोनावर करू? कोनी सांगतलंच नाही नं कोनं मारलं थे."

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोवारी पुन्हा हजारोंनी नागपुरात आले आणि बर्डी ठप्प झाली. व्हरायटी चौकात मी स्कूटरवर अडकलो होतो, डोक्यावर मेट्रोचा पूल, पुढे त्यांच्याच नावाचा उड्डाणपूल, तोही बंद. बाया दुभाजकावर बसल्या होत्या, मांडीवर पोरं, फडक्यात भाकरी. शेजारच्या मोटरसायकलवरचा तिशीतला मुलगा हॉर्न दाबून दाबून दमला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, हे लोक पोट्टे काहून आणतेत हो मोर्च्यात?"

मी त्याला ११४ चा आकडा सांगितला. तो म्हणाला, "कधी झालं हे?" तेवढ्यात पुढची रिक्षा सरकली आणि आम्ही दोघांनीही गाड्या चालू केल्या.